मगदूम डॉक्टरांची दहावी नस

मगदूम डॉक्टरांकडे मूतखडा दाखवायला गेलेला माणूससुद्धा मानेला जेल लावून घेतल्याशिवाय बाहेर यायचा नाही.

राजारामपुरीत त्यांचं सोनोग्राफी सेंटर होतं आणि नव्वदच्या दशकात मी तिथं रिपोर्ट टाइप करायला होते. व्हेगस नावाची एक नस मेंदूतून निघते आणि मानेतून खाली काळजाकडे, पोटाकडे जाते. मेंदूच्या नसांमधली ही दहावी. डॉक्टरांना तिचं वेड होतं. मानेतल्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधे तिचा बारीक ठिपका दिसला, की हरवलेली किल्ली सापडल्यासारखा त्यांचा चेहरा खुलायचा.

"ही घरातली थोरली बाई," ते पेशंटला सांगायचे. "काळीज, पोट, आवाज, समद्यांचं बघती. पण कुणाच्या ध्यानात हाय का?"

मग रिपोर्टच्या शेवटी मला एक ओळ घालावी लागायची, दहावी नस दिसली, ठीक आहे. पेशंट पाठवणारे डॉक्टर फोनवर वैतागायचे, ही कुणी मागितली होती? कुणी मागत नाही म्हणूनच लिहितो, असं यांचं उत्तर.

डॉप्लरचं मशीन आलं आणि त्यांना चेवच चढला. मानेवर प्रोब ठेवून ते ठोक्यांचा आवाज मोठा करायचे आणि श्वास सावकाश सोडायला लावायचे. श्वास सुटताना ठोके मंदावायचे. ती त्या नसेची करामत. बाहेर बाकावरची माणसं ताटकळायची आणि शिव्या मी खायचे.

एकदा बिद्रीचे एक पाहुणे गळ्याची गाठ दाखवायला आले. भीतीनं त्यांचे ठोके काही केल्या उतरेनात. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काहीतरी आठवा. पाहुण्यांनी डोळे मिटले आणि ठोके झकास मंदावले. काय आठवलं, तर गोठ्यातली म्हैस. शेजारी बसलेली त्यांची बायको उठून सरळ स्टँडवर गेली. तिची समजूत घालायला डॉक्टर स्वतः रिक्षानं गेले.

खोटं बोलणं मात्र त्यांच्या अंगात नव्हतं. मधुमेहाच्या पेशंटला ते तोंडावर सांगायचे, "साखर मुरली की ही नस थकती. मग कितीबी हळू श्वास सोडा, ठोका आपला एकाच चालीनं पडतोय." ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा आणि मला त्यांचा राग यायचा. इतकं स्पष्ट बोलायची काय गरज, असं वाटायचं.

एका रविवारी विसरलेला चष्मा न्यायला मी सेंटरवर गेले. सेंटर बंद असायला हवं होतं, पण आतून ठोके ऐकू येत होते. दार ढकललं, तर कॉटवर काकी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, आडव्या पडल्या होत्या आणि डॉक्टर त्यांच्या मानेवर प्रोब धरून बसले होते. त्यांना वीस वर्षांची साखर. अलीकडे उठून उभं राहिलं की त्यांना घेरी यायची, एवढं मला माहीत होतं. हे दोघं दर रविवारी इथं येतात, हे माहीत नव्हतं.

"कुरुंदवाडचा घाट आठव," डॉक्टर त्यांना सांगत होते. "तुझं माहेर. पाण्यात पाय सोडून बसलीयास. आता सोड श्वास."

काकींनी लांब श्वास सोडला. इतकी वर्षं ते ठोके ऐकून माझे कान तयार झाले होते. ठोका एकाच चालीनं पडत होता.

"बघ, झाला मंद," डॉक्टर म्हणाले.

काकींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "व्हय बाई? झाला?"

डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते, नुसते पडद्याकडे बघत होते.

"झाला की, काकी. चांगला ऐकू आला."

काकी हसल्या. डॉक्टरांचा हात धरून हळूहळू उठून बसल्या.

"तुम्हा दोघांस्नीबी खोटं बोलाय येत न्हाय बघा," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी परत बघू."

डॉक्टर रुमाल काढून त्यांच्या मानेवरचं जेल पुसत राहिले, पुसून झालं तरी.