सपकाळ काकांचा गारठा

भर वैशाखात, टळटळीत दुपारी, कानटोपी घालून अंगणात उभा असलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तुम्ही मुळशीतल्या कासार आंबोलीत आमच्या शेजारी कधी राहिला नाहीत. ते आमचे सपकाळ काका.

काका घाटमाथ्यावरच्या एका थंड हवेच्या गावचे. तिथे त्यांचं चपलांचं दुकान होतं. काकूंच्या छातीला तिथला दमट गारवा सोसेना, डॉक्टरांनी "यांना खाली न्या" असं बजावलं, तेव्हा हिंजवडीत नोकरीला असलेल्या मुलाने दोघांना इथे घर घेऊन दिलं आणि स्वतः कंपनीच्या कामाला परदेशी गेला. काका देहाने खाली उतरले. उरलेले काका वरच राहिले.

त्यांचं प्रत्येक वाक्य समुद्रसपाटीपासून सुरू व्हायचं. "समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर राहिलेला माणूस मी. तुम्हा खालच्यांना हवा काय कळणार?"

'खालचे' हे माझं नाव. मी मूळचा सोलापूरचा. मुळशीत पंखा एकवर ठेवूनही झोप लागते, याचंच मला कोण कौतुक!

"आमच्याकडे पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं," काका सांगायचे. "दुकानातल्या चपलांना बुरशीची अशी दाढी फुटते, की गिऱ्हाईक आलं की आधी चपलेची हजामत, मग पायाचं माप!" चेहऱ्यावर अभिमान असा, जणू ती बुरशी त्यांनी स्वतः पेरली होती.

उन्हाळा कलला की ते घराला झडी बांधायचे. त्यांच्या गावी पावसाचा मारा भिंती खातो, म्हणून झडी, म्हणजे गवताचे जाड पडदे करून घर बाहेरून झाकतात. आमच्याकडे पाऊस बरा पडतो, पण भिंती खाण्याइतका नाही. तरी काका शेजारच्या तात्यांच्या रानातून गवताचे भारे आणायचे आणि खिडक्यांसकट घर झाकून टाकायचे. आत भर दुपारी दिवा.

"आवं सपकाळ, हितं कसला आलाय गारठा?" तात्या ओरडायचे. "घराची पार गंजी करून ठिवलीया. काकू उकडून निघतील की आत!"

"तात्या, उंची किती तुमची?"

"पाच फूट आन् वर दोन बोटं."

"गावाची विचारतोय!"

एकदा मात्र काका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तिच्यासाठी करतो हो. तिचा जीव वरच अडकलाय. डोळे मिटले की वाटावं तिला, आपल्याच घरात आहोत."

एके वर्षी काकूंनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो. बंद खिडक्या, पेटलेली शेगडी; पाच मिनिटांत माझ्या सदऱ्याचं पोतेरं झालं. काकू गळ्यापर्यंत घोंगडी घेऊन कुडकुडत होत्या. काका चहा ठेवायला आत वळले आणि काकूंचं कुडकुडणं एकदम थांबलं.

"ते येईपर्यंत पंखा लावा हो जरा."

"काकू, थंडी वाजत नाही तुम्हाला?"

"कसली थंडी! जीव जातोय उकाड्याने. पण ह्यांना करमत नाही हो इथे. 'गारठलीस का गं?' म्हणून विचारतात ना, तेव्हा तोंड बघा त्यांचं. नाही कसं म्हणू?" मग म्हणाल्या, "मी गेले की कोण 'हो' म्हणणार त्यांना?"

आत कपबशा वाजल्या. मी पंखा बंद केला. काकू पुन्हा कामाला लागल्या.

श्रावणात त्या गेल्या.

पुढच्या वैशाखात काका गवत न्यायला गेलेच नाहीत. तात्यांनी आपणच भारे आणून त्यांच्या अंगणात टाकले आणि मला म्हणाले, "म्हातारा नुसता बसून हाय. तुमी तरी बघा."

मी ट्रंकेतून स्वेटर काढला. "डोकं फिरलंय का?" बायकोने विचारलं. मी तो अंगात चढवून निघालो. काका उघड्या डोक्याने पायरीवर बसले होते.

"काका, गारठा फार पडलाय. झडी बांधू या ना?"

माझ्या गळ्यावरून ओघळणाऱ्या घामाकडे त्यांनी पाहिलं. मग खांद्यावरचा पंचा काढून माझ्या हातात दिला.

"काढा तो स्वेटर. तुम्हाला नाही जमायचं," ते म्हणाले. "थंडी तिलाही वाजत नव्हती. पण काय कुडकुडायची हो!"