आधी आभार

जगभर आभार कार्यक्रमाच्या शेवटी मानतात. आमच्या भाईंदरच्या वाचनालयात ते आधी मानले जातात. साडेपाचचा ठोका पडला की हरेश्वरदादा उभे राहणार, खिशातून चार घड्या घातलेला कागद काढणार आणि ना पाहुण्यांची ओळख, ना दिवा, थेट आभारांना हात घालणार. सतरंजी अंथरणाऱ्याचे आभार, माइकवाल्याचे आभार, वरचा पंखा आज फिरतोय म्हणून पंख्याचे आभार. मग खिडकीकडे तोंड करून, आवाज चढवून, "समोरच्या ग्यारेजवाल्या शेठनी आपल्यासाठी तासभर हातोडा बंद ठेवला, त्यांचेबी आभार."

हातोडा तेव्हा चांगला ठणठणत असायचा. आभार कानावर पडले की दोन ठोके आणखी पडायचे, जरा लाजल्यासारखे, आणि मग शांतता. गॅरेजवाला शेठ तीस वर्षांत एकदाही सभागृहात आला नाही, पण त्याच्याइतका शिस्तीचा सभासद आमच्याकडे दुसरा नव्हता.

दादांचं तत्त्व साधं होतं. "शेवटाला आभार ऐकाला कोन थांबतो? सगले चपला शोधतात." आणि दुसरं, त्याहून खोल, "आभार घेतले की मानूस अडकला. मंग तो पलत न्हाय."

दादा राई गावचे. नोकरी मिठागरावर कारकुनाची, आणि उरलेला सगळा जीव वाचनालयात, बिनपगारी कार्यवाह म्हणून. वाचनालय आजोबा-पणजोबांच्या काळातलं, कौलारू, मिठाच्या कमाईतून गावकऱ्यांनीच उभारलेलं. दादांच्या खिशाला कायम दोन पेनं. एक स्वतःचं, दुसरं लोकांना द्यायचं. दुसरं देताना टोपण काढून ठेवून घ्यायचे. बिनटोपणाचं पेन घरी नेऊन माणूस करणार काय? तो मुकाट परत आणतो. त्यांची माणसांवर फार श्रद्धा होती, पण टोपण स्वतःच्या खिशात ठेवून.

आता माझी ओळख करून देते, म्हणजे दादांची थोरवी कळेल. पंचेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मी गिरगावातून भाईंदरला आले, तेव्हा माझी पक्की समजूत होती की संस्कृती नावाची वस्तू माझ्या ट्रंकेतून इकडे पहिल्यांदाच येतेय. दर तिसऱ्या वाक्याला "आमच्या गिरगावात ना" असायचं. डोळ्यांवर गॉगल, हातात पर्स, आणि वाचनालयात पहिल्याच दिवशी मी इंग्रजी कादंबऱ्यांचं कपाट कुठंय म्हणून विचारलं. दादांनी दाखवलं. मग एक जाडजूड कादंबरी घरी नेऊन तीन आठवडे तिच्यावर दुधाचं पातेलं ठेवलं. परत देताना दादांनी मागच्या पुठ्ठ्यावरचं गोल वर्तुळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, "गरम होती काय?"

पुढच्याच महिन्यात त्यांनी मला भाषण करायला सांगितलं. मी विषय निवडला, 'ग्रामीण भागात वाचनाची गोडी कशी लावावी.' ज्या गावात माझ्या आजीच्या आधीपासून वाचनालय होतं, त्या गावाला मी गोडी लावणार होते. अकरा पानं लिहिली. नवऱ्याला तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा तो झोपला, ते मी त्याच्या गिरणीच्या पाळीवर ढकललं.

त्या संध्याकाळी पडद्याच्या फटीतून पाहिलं तर सभागृह भरलेलं. मोरव्याचे शेतकरी, उत्तनहून आलेल्या दोन ख्रिस्ती बाया, शाळेचे मास्तर, पहिल्या रांगेत एक आजोबा, ज्यांनी त्या कपाटातली निम्मी पुस्तकं वाचली होती म्हणे.  पानं पर्समध्ये कोंबली आणि मी मागच्या दाराने सटकायला निघाले.

मागच्या दाराशी एका ठेंगण्या स्टुलावर दादांच्या बायको बसल्या होत्या, हिरावहिनी. पुढ्यात स्टोव्ह, त्यावर शंभर जणांच्या चहाचं पातेलं. प्रत्येक कार्यक्रमाला त्यांची जागा तीच. माझ्याकडे वरून खाली पाहून त्या शांतपणे म्हणाल्या, "बाय, तुज्या चपला पुढल्या दाराला हायेत."

अनवाणी पळायची गिरगावात पद्धत नव्हती. मी अडखळले, तेवढ्यात आतून दादांचा आवाज आला. "आजच्या पाहुण्या बाईंनी अतिशय सुंदर भाषण केलं, त्याबद्दल त्यांचे आभार." टाळ्या पडल्या. झालं. केलेलं भाषण आता करणं भाग होतं.

ते भाषण कसं झालं ते विचारू नका. सहाव्या पानानंतर नववं आलं आणि कुणाच्याच ते लक्षात आलं नाही, यावरून काय ते समजा. पण संपल्यावर पहिल्या रांगेतले आजोबा जवळ आले आणि म्हणाले, "पोरी, पुढच्या वेळी पानं घरी ठेव. तू बोलतंस बरी." आयुष्यात मला मिळालेली ती पहिली दाद. मी आज जी काही चार माणसांत तोंड उघडते, ती त्या चपलांमुळे आणि त्या आगाऊ आभारांमुळे.

मग मी दादांच्या हाताखालीच लागले. मुलांचं पाठांतर, डॉक्टरांची व्याख्यानं, गावातल्या जुन्या दस्तांसाठी मोडीचा वर्ग, सगळं चालायचं. दादांना एकदा वाटलं की मिठावरही एक व्याख्यान हवं. वक्ता मिळेना, तर स्वतःच दीड तास बोलले, आधी स्वतःचे आभार मानून. अलीकडे मी नया नगर वस्तीतल्या हिंदी बोलणाऱ्या बायकांना मराठी वाचायला शिकवायला लागले, तर दादा रोज वर्गाच्या सुरुवातीला येऊन त्या शिकल्याबद्दल त्यांचे आभार मानून जात. तेव्हा त्यांना 'अ' सुद्धा येत नव्हता.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. त्या यादीत पंखा असायचा, हातोडा असायचा, पण चहा नसायचा. मी एकदा छेडलंच, "दादा, वहिनींचे आभार कधी?"

"ती घरचीच हाय," ते म्हणाले. "घरच्यांचे आभार मानले तर तिला वाटंल, यो कुठं चाललाय."

हिरावहिनी मागून म्हणाल्या, "जायचा कुठं? टोपन माज्याकडं हाय." आणि आम्ही तिघंही हसलो.

मागच्या वर्षी हिरावहिनी तीन दिवस तापाने पडल्या आणि चौथ्या दिवशी गेल्या. दादांनी शेजाऱ्याच्या हाती वाचनालयाच्या किल्ल्या माझ्याकडे पाठवल्या. निरोप काही नाही. सोबत बिनटोपणाचं पेन.

महिने गेले, दादा फिरकले नाहीत. एक व्याख्यान मी एकटीने पार पाडलं. आभार रीतीप्रमाणे शेवटी मानले. लोक चपला शोधत होते आणि समोर हातोडा पहिल्यापासून शेवटपर्यंत ठणठणत होता. त्या दिवशी मला वाटलं, वाचनालय नुसतं कपाटांनी उभं राहत नाही.

मग नया नगरच्या बायकांचा दिवस आला. शनिवारी त्या पहिल्यांदाच लोकांसमोर मराठी वाचणार होत्या. त्यांची पुढारी शबनम, चार मुलांची आई, दुकानांच्या पाट्या आता घडाघडा वाचणारी. पण दोन दिवस आधी तिने वही मिटली. "दीदी, वो अंकल नहीं आएँगे तो हम नहीं पढ़ेंगे."

का, म्हणून विचारलं तर म्हणाली, मराठीत वाचायच्या आधी आभार मानतात ना, ते कोण मानणार? बिचारीला वाटत होतं, हा समस्त मराठी माणसांचा रिवाजच आहे. मी तिची समजूत काढली नाही. खरं तर असा रिवाज असायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने राईला गेले. दादा ओटीवर बसले होते. खिशाला एकही पेन नव्हतं. मी शनिवारचं सांगितलं, शबनमचं सांगितलं.  मग दादा उठले, आतून दोऱ्याने बांधलेला कागदांचा गठ्ठा आणून माझ्यापुढे ठेवला. आजवरच्या सगळ्या आभारांचे कागद. "ह्ये तू ने. तुला उपेग होतील."

मी एक उलगडला. सतरंजी, माइक, पंखा, ग्यारेज. सगळ्यांपुढे बरोबरची खूण. अगदी खाली, वेगळ्या शाईत, एक ओळ: 'हिरा, चहा, शेवटाला.' पुढे खूण नाही. दुसरा उलगडला. तिसरा. प्रत्येकावर ती ओळ होती. एकावरही खूण नव्हती.

"दर टायमाला वाटायचं, आज मानू," दादा अंगणाकडे बघत म्हणाले. "घरची म्हनून शेवटाला ठेवली. शेवटाला ती कपबशा धुवायला जायची. मना म्हाईत होतं ना, शेवटाला कोन थांबत न्हाय."

गिरगावहून आणलेली सगळी वाक्यं मी बाजूला ठेवली. उठले, पदर खोचला आणि शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "शनिवारी साडेपाचला वाचनालयात हजर राहून आधी आभार मानल्याबद्दल, वाचनालयातर्फे हरेश्वरदादांचे आभार."

शेजारणी ओट्यांवर आल्या. दादा माझ्याकडे वळले.

"माजंच औषद मना पाजतंस?"

"आभार घेतलेत," मी म्हटलं. "आता पळायचं नाही."

शनिवारी मी चारला किल्ली घेऊन गेले, तर दादा पायरीवर बसलेले. खिशाला पेन होतं. खुर्च्या त्यांनीच लावल्या. साडेपाचला उभे राहिले, कागद काढला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला. वाचनालयाच्या इतिहासात कार्यक्रम पहिल्यांदाच दोन मिनिटं उशिरा सुरू झाला.

"पयले आभार हिराचे," ते म्हणाले. "चहाचे. इतक्या वर्सांच्या." मग खिशातलं पेन काढून त्यांनी कागदावर एक खूण केली आणि सतरंजीकडे वळले. समोर हातोडा केव्हाच थांबला होता. आभारांची वाट न बघता.

शबनमने वाचलं. दोनदा अडखळली, एकदा हसली, पण पान पुरं केलं. मी तेव्हा मागच्या दाराशी चहा बघत होते, कारण स्टोव्ह आता माझ्याकडे आलाय. थोड्या वेळाने दादा तिथे आले आणि हिरावहिनींच्या ठेंगण्या स्टुलावर बसले. बहुधा पहिल्यांदाच. मान लांब करून त्यांनी सभागृहाकडे पाहिलं. मध्ये भिंत आणि पडदा.

"हितून तर काईच दिसत न्हाय गो."

"दिसत नाही," मी म्हटलं, "पण ऐकू सगळं येतं. वहिनींना शब्द न् शब्द ऐकू यायचा."

आत टाळ्या पडत होत्या. दादांनी कप दोन्ही हातांत धरला आणि पडद्याकडे कान लावला.

"मंग आजचंबी तिच्या कानावर गेलं असंल," ते म्हणाले.