लकडगंजची भरती-ओहोटी

आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी एक फळा आहे. सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी त्यावर रोज सकाळी तीन गोष्टी लिहिते. नळाला पाणी किती वाजता, टाकी किती भरली आणि कोणाची गाडी कोणाच्या जागेवर उभी आहे. चौथी ओळ माझी नसते. ती तळमजल्यावरचे पराते काका लिहितात.

"भरती ९.२०. ओहोटी ३.३५. बाहेरच्या किनाऱ्यावर जाऊ नये."

आम्ही राहतो नागपुरात, लकडगंजात. इथून समुद्राला जायचं तर रेल्वेत एक अख्खी रात्र काढावी लागते आणि वर अर्धा दिवस. तरी काकांची ओळ गेल्या चार वर्षांत एक दिवस चुकलेली नाही. या चार वर्षांत आमच्या इमारतीतला एकही माणूस समुद्रात बुडालेला नाही, आणि याचं श्रेय काका मनातल्या मनात स्वतःकडे घेतात, असा माझा संशय आहे.

सुरुवातीला मी हरकत घेतली होती. "काका, इथे समुद्र कुठे आहे?"

"इथं नाही ताई. पण कुठंतरी हाय ना? जिथं हाय तिथं तो भरूनच राह्यला ना?"

"हो, पण रविवारी तरी..."

"समुद्राले सुटी नसते, ताई."

दुसऱ्या मजल्यावर नव्या आलेल्या सूनबाईंनी ती ओळ वाचून पहिल्या दिवशी साडेतीनच्या आत घरातली सगळी भांडी, बादल्या आणि एक प्रेशर कुकर पाण्यानं भरून ठेवला होता. तेव्हापासून मी फळ्यावर मधोमध एक रेघ मारली. रेघेच्या वर महानगरपालिका, रेघेच्या खाली समुद्र.

काका कळमन्याच्या बाजारात मापारी होते. आयुष्यभर धान्य तोललं. त्यांचे वडील हातमागावर लुगडी विणायचे, पण माग बंद पडला आणि काका काट्यावर जाऊन उभे राहिले. मापारी पोती मोजताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. काकांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण ते अजूनही सगळं तसंच मोजतात. जिन्याच्या पायऱ्या, पोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या. "लाभ, दोन, तीन..." डॉक्टरांनी विचारलं, दिवसातून किती वेळा चक्कर येते? काका म्हणाले, "लाभ."

आणि मालाची पारख करायची सवय. पोत्यात लोखंडी नळी खुपसून चार दाणे तळहातावर घ्यायचे, डोळ्यांजवळ न्यायचे, मग बोलायचं. "माल पाहूनच उतरायचं," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. ते पोहण्याबद्दलही तेच म्हणत.

कारण काकांना समुद्राची बारीकसारीक माहिती होती. एकदा मी त्यांच्याकडे देखभालीच्या कागदावर सही घ्यायला गेले, तर त्यांनी मला बसवून जेवणाच्या टेबलावर समुद्राकाठच्या एका गावाचा नकाशाच मांडला. उपडी वाटी म्हणजे डोंगर. डोंगराच्या आडोशाला तुरीची डाळ पसरली, ते गाव.

"हा आतला किनारा. डोंगर वारा अडवते, म्हणून पाणी कसं, ताटातल्या वरणावाणी. पोहायचं तं इथंच. वाटी ओलांडली का बाहेरचा किनारा. तिथं लाट येते. पोरं फळीवर उभे राहतात अन् लाटेवरून घसरत येतात. आपलं काम नाही ते. अन् हा तिसरा, होड्यायचा. तिथं कोळी लोकं जाळे वाळवतात. आपण गेलो का शिव्या देतात."

"तुम्ही कधी जाऊन आलात, काका?"

काकांनी डाळ गोळा करायला घेतली. आतून काकू म्हणाल्या, "हे? हे अकोल्याच्या पुढं गेले नाही कधी."

समुद्र ओढून न्यायला लागला तर काय करायचं, हेही काकांना पाठ होतं. ओढीच्या विरुद्ध हातपाय मारायचे नाहीत, आडवं निघायचं, म्हणजे ओढ सुटते. पाणी नसल्यामुळे काका हे तंत्र गर्दीत वापरत. सदर भागातल्या एका लग्नात जेवणाच्या टेबलाजवळ चेंगराचेंगरी झाली. आम्ही सगळे पुढे रेटत राहिलो आणि होतो तिथेच राहिलो. काका शांतपणे आडवे सरकत पापडाच्या बाजूनं बाहेर पडले आणि दोन मिनिटांत जिलबीपाशी पोचले. तिथून त्यांनी मला हात केला. "आडवं या ताई, आडवं!"

एवढ्या वेडामागचं कारण इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांची मुलगी वैशाली त्याच गावात राहते. बँकेच्या नोकरीसाठी गेली. तिथे आधी पोहायला शिकली, मग लाटांवर फळी चालवायला, आणि चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून तिथल्या मुलींना तेच शिकवू लागली. काकांनी त्या दिवशी फोनवर म्हटलं, "मंग पाण्यातच राह्य." आणि ठेवून दिला.

त्यानंतर बापलेकीचं बोलणं तुटलं, असं मात्र नाही. काका रोज सकाळी सहाला तिला फोन करतात. मी तो फोन कितीदा तरी ऐकला आहे, कारण त्या वेळी मी फळ्याजवळ असते.

"भरती किती वाजता?"

पलीकडून काहीतरी.

"बरं."

झालं. काका खडू उचलतात.

"अहो काका, हे सगळं मोबाइलवर दिसतं," मी एकदा म्हणाले. "एक महिन्याचं आधीच."

"मोबाइलचा भरोसा नाही ताई. तिथल्या माणसालेच विचारावं."

काकू वर्षातून दोनदा लेकीकडे जाऊन येत. काका नाही. घराला कुलूप लावून दोघांनी कसं जायचं, हे त्यांचं उत्तर. एकदा काकू मला म्हणाल्या, "दर वेळेस पोरगी विचारते, बाबा काहून नाही आले वं? म्या काय सांगू? तिले वाटते, अजून रागातच हायेत. अन् ह्यांले वाटते, पोरगीच रागात हाय."

म्हणून या डिसेंबरात इमारतीची सहल ठरली, तेव्हा गाव मी निवडलं, वैशालीचं. एकवीस जणांची यादी केली. नाव, वय, बर्थ, गोळ्या, पोहता येतं का. काकांच्या नावापुढे लिहिलं, "पाणी-सुरक्षा प्रमुख". आणि तो कागद फळ्यावर चिकटवला. काका बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. मग कुलपाचं काय करायचं, हे विचारायला माझ्याकडे आले. किल्ली मी वॉचमनकडे ठेवली.

निघायच्या आधी काकांनी गच्चीवर सगळ्यांची तालीम घेतली. सतरंजी म्हणजे समुद्र. तिच्यावर आम्ही सगळे पालथे झोपून आडवे सरकत होतो. शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी दुसऱ्या दिवशी मला विचारलं, योगवर्गाची फी किती?

स्टेशनवर वैशाली गाडी घेऊन आली होती. उन्हानं रापलेली, केस खाऱ्या वाऱ्यानं राठ झालेले, आणि हसणं अगदी काकूंचं. ती पुढे आली. काकांनी बॅग खाली ठेवली. आता काहीतरी होईल म्हणून आम्ही वीसच्या वीस जण थांबलो.

"ओहोटी लागली का?" काका म्हणाले.

"लागली. अकराला."

"बरं."

काकूंनी कपाळाला हात लावला.

पहिला दिवस आतल्या किनाऱ्यावर गेला. पाणी खरोखरच ताटातल्या वरणासारखं होतं. लहानमोठे सगळे उतरले. काका उतरले नाहीत. बूट-मोजे घालून, गळ्यात शिट्टी अडकवून ते वाळूवर उभे राहिले, आणि कोणाच्या घोट्याच्या वर पाणी गेलं की शिट्टी फुंकू लागले. आमच्यातल्या इंगोले मॅडम गुडघ्यापर्यंत गेल्या तेव्हा काकांनी इतक्या जोरात फुंकली की लांबच्या एका होडीनं दिशा बदलली.

वैशाली लांबून बघत होती. दोनदा ती बाबांच्या दिशेनं निघाली. दोन्ही वेळा काका लगबगीनं दुसऱ्या कोणाला तरी ओरडायला गेले.

दुपारी तिनं आम्हाला डोंगरापलीकडे नेलं. बाहेरच्या किनाऱ्यावर पाचसहा पोरं फळ्या धरून पाण्यात वाट बघत बसली होती. काका नजर रोखून लाटा पाहू लागले. "लाभ, दोन, तीन... हा ढीग कच्चा हाय... चार, पाच... हं, हा माल चांगला!" आणि खरंच, ती लाट उंच उठली आणि दोन पोरं तिच्यावर उभी राहिली. पोरं आधी हसली. तासाभरानं तीच पोरं पाण्यातून ओरडून विचारू लागली, "काका, पुढची कशी?"

"थांबा गा! भुसा हाय सगळा!"

वैशाली माझ्याशेजारी उभी होती. "मला लाट ओळखायला दोन वर्षं लागली," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "मी पण मनात 'लाभ'पासूनच मोजते. त्यांना नका सांगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याची मोजदाद केली तर एक माणूस कमी. काका. बाकीचे दोन्ही किनारे रिकामे होते, म्हणून वैशालीला बरोबर घेऊन मी होड्यांच्या किनाऱ्यावर गेले. तिलाही तिकडे काम होतंच. तिथल्या एका कोळ्याची मुलगी तिच्याकडे पोहायला यायचं म्हणत होती, पण बाप फॉर्मवर सही करत नव्हता. मुलीनं तो कोरा फॉर्म आदल्या दिवशी परत आणून दिला होता आणि काकूंनी ही हकीकत रात्रीच्या जेवणावर सगळ्यांना सांगितली होती. फॉर्म तिथे टेबलावरच राहिला होता.

एका उलट्या घातलेल्या होडीच्या पलीकडे काकांचा आवाज आला. मी पुढे जाणार, तोच वैशालीनं माझा दंड धरला.

काका वाळूत मांडी घालून बसले होते. समोर तो कोळी जाळं दुरुस्त करत होता, आणि जाळ्याचं दुसरं टोक काकांच्या मांडीवर होतं. फाटलेली घरं ते बोटांनी चाचपून पुढे सरकवत होते. विणकराच्या घरातला माणूस. धागा दिसला की हात थांबत नाहीत.

"सूत नायलॉनचं हाय?"

"हां."

"आमच्याकडं कपाशीचं. तुटलं तं असंच जोडावं लागे." मग खिशातून तो कोरा फॉर्म काढून, "तुमच्या पोरीचा फारम राह्यला म्हणे."

कोळ्यानं वर पाहिलं. "चेडवाक कित्याक व्हया पवूक?"

शब्द काकांना नवे असतील. वाक्य ओळखीचं होतं.

"मीही हेच म्हटलं होतं," काका म्हणाले. "पोरीच्या जातीले पोहणं काहून पाहिजे? माझी आठवीत होती. फारम घेऊन आली, तीन दिवस माझ्या मांगं मांगं फिरली. मी सही नाही केली. मंग ते इथं आली, तुमच्या गावात, अन् परक्या लोकायकडून शिकली. आता लोकं सांगतात, तुमची पोरगी काय मस्त पोहते. मी मान हलवतो. मी कुठं पाह्यलं? लाज वाटते आता तिच्याजवळ जायले. काय तोंडानं जाऊ? पोहायले निघाली का मले नागपुरात घड्याळ घेऊन बसावं लागते. भरती, ओहोटी. दुसरं काय येते मले?"

कोळ्यानं हातातलं जाळ्याचं घर पुरं केलं. गाठ मारली, दातानं धागा तोडला. मग फॉर्मसाठी हात पुढे केला, वाचला नाही, घडी करून खिशात ठेवला. "बघतंय," एवढंच म्हणाला.

वैशालीनं माझा दंड सोडला. ती होडीला वळसा घालून पुढे गेली.

"बाबा, बूट काढा."

काका दचकले. "काहून?"

"काढा तर."

काकांनी नाडी सोडली, मोजे काढून नीट बुटात कोंबले, पँट दोनदा दुमडली. तिनं त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना पाण्याकडे घेऊन गेली. घोट्यापर्यंत गेले. गुडघ्यापर्यंत गेले. शिट्टी फुंकायला कोणी नव्हतं. तिथे काका थांबले, वाकले आणि ओंजळीत पाणी घेतलं. डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग जिभेला लावलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, काहीतरी चावलं.

"खारं हाय!" काका किनाऱ्यावर ऐकू जाईल असं ओरडले. "एवढं खारं? वैशू, हे तू मले कधीच नाही सांगितलं!"

"तुम्ही विचारलंच नाही, बाबा. तुम्ही फक्त वेळ विचारत होते."

काकांनी ओंजळीतलं पाणी हळूच समुद्रात सोडून दिलं. ओला हात शर्टाला पुसला.

"मंग आता विचारतो," ते म्हणाले. "कशी हायेस तू?"

नाश्त्याला एकोणीस जण ताटकळले होते. मी परत फिरले आणि सगळ्यांना वाढायला सांगितलं. त्या दोघांचे पोहे झाकून ठेवले.