पूर्वज्ञान निवारण वर्ग

शिकवायचं कसं, हे शिकवणाऱ्यांना शिकवणारा तो विभाग होता. दारावर ‘पदव्युत्तर शिक्षणशास्त्र विभाग’ अशी पाटी होती आणि तिच्याखाली ‘येथे सायकली लावू नयेत’ अशी दुसरी पाटी होती. लोक दुसरी पाटी जास्त मनावर घेत. आत लांबलचक बाक, भिंतीवर बालकाच्या सर्वांगीण विकासाचा तक्ता आणि तक्त्यामागे कायम मुक्कामाला असलेली एक पाल. विभाग निघाल्यापासून इथे येणारे काही शिकतात का, असा आगाऊ प्रश्न कोणी विचारला नव्हता. शिकवणं सुरळीत चालू होतं, त्यामुळे शिकण्याची चौकशी करायची वेळ आली नव्हती.

मग वरून परिपत्रक आलं. प्रत्येक विभागाने आपल्या विद्यार्थ्यांच्या अध्ययन निष्पत्तीत वर्षभरात पडलेला लक्षणीय फरक परीक्षण समितीला दाखवावा. फरक न आढळल्यास विभाग बंद करून ती जागा मोडक्या बाकांच्या साठवणुकीसाठी वापरावी. विभागप्रमुखांनी ते बैठकीत खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. वाचन संपलं तेव्हा झाडून सगळे प्राध्यापक खिडकीबाहेर बघत होते. विभागात शिकवणाऱ्या बाई तेवढ्या समोर बघत होत्या, कारण त्या उशिरा आल्या होत्या आणि खुर्ची न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“बाई, तुम्ही उभ्याच आहात, तर हे काम तुम्हीच घ्या,” विभागप्रमुख म्हणाले. अशा रीतीने बाई ‘निष्पत्ती मापन समन्वयक’ झाल्या.

बाईंना नाही म्हणायची सोय नव्हती. त्या हंगामी होत्या. दर सुट्टीत त्यांची नोकरी जायची आणि सुट्टी संपली की पुन्हा यायची. यंदा त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव कसाबसा वरपर्यंत पोचला होता. विभागच बंद झाला, तर बाईंना कायम करायचं कुठे, मोडक्या बाकांमध्ये? रात्री जेवताना त्यांनी हे घरी सांगितलं.

“अगं, एवढं काय घाबरतेस?” नवरा म्हणाला. “वर्षभर शिकवलं की फरक पडतोच.”

“पडतो की नाही, हे आजवर कोणी बघितलंय का?” बाई म्हणाल्या. शेजारी बसलेली दुसरीतली लेक तीसचा पाढा घडाघडा म्हणत होती, पण तिकडे लक्ष द्यायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

फरक दाखवायचा तर आधी विद्यार्थी कुठे उभे आहेत हे कळायला हवं. म्हणून बाईंनी पहिल्याच आठवड्यात पूर्वचाचणी घेतली. इथले विद्यार्थी म्हणजे कोवळी पोरं नव्हती. सगळे शाळांमध्ये वर्षानुवर्षं खडू झिजवलेले शिक्षक. बढतीला पदवी लागते म्हणून आलेले. त्यांतले सर्वांत ज्येष्ठ म्हणजे काका. उभा जन्म चौथीच्या वर्गात काढल्यावर आता मुख्याध्यापक व्हायला ते पुन्हा बाकावर येऊन बसले होते. त्यांना काका म्हणायला विभागप्रमुखांनीच सुरुवात केली होती.

चाचणीत एक प्रश्न होता, ‘वर्गात मूल रडू लागल्यास तुम्ही काय कराल?’ काकांनी लिहिलं, ‘जवळ घेईन. पाणी देईन. काय झालं ते विचारीन.’ बाकीच्यांनीही असंच काहीतरी शहाण्यासारखं लिहिलं होतं. वर्गाची सरासरी शंभरात ब्याण्णव निघाली आणि विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला.

“बाई, ही माणसं आपल्याकडे शिकायला आलीत की आपल्याला बुडवायला?”

“सर, त्यांना येतंय.”

“येतंय ते दिसतंय मला. आल्या आल्याच येतंय, ही खरी पंचाईत आहे. उरलेल्या आठ गुणांत लक्षणीय फरक कसा मावणार?”

“आपण त्यांना काहीतरी नवीन शिकवलं तर?” बाईंनी भीत भीत विचारलं. विभागप्रमुखांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

तरी सत्रभर नेहमीचं शिकवून पाहिलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता काकांचं उत्तर चार पानांचं झालं होतं. ‘रडणे ही एक बहुआयामी प्रक्रिया असून तिचे आकलन होण्यासाठी प्रथम अश्रू या संकल्पनेची व्याख्या करणे क्रमप्राप्त ठरते’ इथून ते सुरू होत होतं. मुलापर्यंत पोचायच्या आत वेळ संपला होता. मूल बिचारं अजून रडतच होतं, आणि वर्गाची सरासरी अठ्ठ्याऐंशीवर घसरली होती.

विभागप्रमुख दोन दिवस विभागाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते हसतच.

“बाई, इमारत आणखी वर चढवता येत नसली आणि तरी उंची जास्त दाखवायची असली, तर काय करायचं?”

“काय करायचं, सर?”

“आजूबाजूला खणायचं!”

या खणण्याला त्यांनी ‘आधाररेषा पुनर्निश्चिती’ असं नाव दिलं. म्हणजे पूर्वचाचणी पुन्हा घ्यायची, मात्र या वेळी विद्यार्थ्यांनी मन लावून नापास व्हायचं. बाईंनी वर्गाचं दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात सगळी परिस्थिती सांगितली. बाईंच्या नोकरीचा प्रश्न आहे म्हटल्यावर कोणी आढेवेढे घेतले नाहीत. सगळ्यांनी खाली मान घालून भराभर चुकीची उत्तरं लिहिली. बाईंचे डोळे भरून आले.

पेपर तपासायला घेतले तेव्हा ते पुन्हा भरून आले. प्रत्येक चुकीवर लाल रेघ मारलेली होती आणि समासात बरोबर उत्तर लिहिलेलं होतं. काहींनी शेजाऱ्याचा पेपरही दुरुस्त करून दिला होता. सरासरी चौऱ्याण्णव.

“सवय हो, बाई,” काका ओशाळून म्हणाले. “चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. घरी बायकोची किराणाची यादीसुद्धा तपासतो मी.”

“तिच्यावर शेराही देता की काय?”

“एकदाच दिला होता. ‘अक्षर सुधारा.’ तेव्हापासून किराणा मीच आणतो.”

आता एकच मार्ग उरला होता. न येणं हे आपोआप येत नसेल, तर ते रीतसर शिकवायला हवं. वेळापत्रकातले सगळे तास काढून तिथे ‘पूर्वज्ञान निवारण वर्ग’ घालण्यात आला. हजेरी सक्तीची, लाल पेनं दारात जमा.

बाई जातीच्या शिक्षिका होत्या. विषय कसलाही असो, तयारी न करता वर्गावर जाणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी उद्दिष्टं लिहिली, पाठांची टाचणं काढली. पहिला घटक नजर. प्रश्न ऐकताच ती विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून सोडवून सावकाश पंख्यावर न्यायची आणि तिथेच ठेवायची. मग ओठ हलवायचे, पण आवाज काढायचा नाही. मग पेनाचं टोपण चावायचं. आणि अगदीच गळ्याशी आलं तर दुखावल्या स्वरात म्हणायचं, “हे आम्हाला शिकवलंच नाही.”

“तुमच्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांना आठवा,” बाई सांगत. “इतकी वर्षं तुम्ही त्यांना शिकवलंत. आता त्यांच्याकडून शिका.”

वर्ग रंगू लागला. एरवी हजेरी लावून पसार होणारे पहिल्या बाकासाठी भांडू लागले. गेल्या वर्षी पास होऊन गेलेले दोघं नुसतं ऐकायला येऊन बसत. आपण शिकवतो ते समोरच्याच्या आत उतरताना दिसणं, हे सुख बाईंना आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं. चाळीस डोळ्यांतली चमक हळूहळू विझताना पाहून त्यांना अगदी कृतकृत्य वाटे.

काका मात्र काही केल्या वर येईनात; म्हणजे खाली जाईनात. बाईंनी त्यांना तासानंतर थांबवून घ्यायला सुरुवात केली.

“काका, सात आठे?”

“छप्पन्न.”

“काका!”

“चुकलो, बाई. पुन्हा विचारा.”

“सात आठे?”

काकांनी नजर पंख्यावर नेली. ओठ हलवले. टोपण चावलं.

“छप्पन्न,” काका कळवळून म्हणाले. “तोंडातून निसटतंच हो! तुमची नोकरी माझ्यापायी जायची.”

“असं म्हणू नका. तुम्ही घरी सराव करा,” बाई म्हणाल्या. काका खरंच घरी सराव करू लागले. किराणा आणताना ते निम्म्या वस्तू विसरू लागले आणि बायकोने माहेरी फोन लावला.

वर्षअखेरीच्या तोंडावर आधाररेषा तिसऱ्यांदा निश्चित केली. सरासरी सहा! विभागप्रमुखांनी स्वतःच्या खिशातून सगळ्यांना चहा पाजला. आता समितीसमोर विद्यार्थ्यांनी फक्त खरं तेवढं बोलायचं होतं. सहावरून थेट नव्वदीत. “आज सगळं येऊ द्या,” बाईंनी सकाळी वर्गाला बजावलं. सगळ्यांनी सावकाश माना हलवल्या. त्या जरा जास्तच सावकाश हलल्या, असं बाईंना वाटून गेलं.

समिती आली. अध्यक्ष जाडजूड, मवाळ चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांच्यासोबत एक सदस्य होता, त्याच्या हातात छापील नमुना होता. अध्यक्षांनी पहिल्या बाकावरच्या शिक्षिकेला अध्यापनाची सूत्रं विचारली. तिने नजर पंख्यावर नेली. दुसऱ्याने ओठ हलवले. तिसरा टोपण चावू लागला. प्रश्न बाकाबाकांवरून मागे मागे गेला आणि सगळा वर्ग पंख्याकडे बघू लागला. शेवटी अध्यक्षांनीही वर पाहिलं. पंखा बंद होता.

आता सगळी भिस्त काकांवर होती. काकांना हा विषय कधी जमलाच नव्हता.

“तुम्ही सांगा,” अध्यक्ष काकांना म्हणाले. “वर्गात मूल रडू लागलं तर काय कराल?”

काका उभे राहिले. त्यांनी बाईंकडे पाहिलं. मग त्यांची नजर ढळली, वर गेली आणि पंख्यावर स्थिरावली. ओठ हलले. टोपण न शोधता दातांखाली आलं. बऱ्याच वेळाने ते दुखावल्या स्वरात म्हणाले, “हे आम्हाला शिकवलंच नाही.”

नोकरी गेली, हे बाईंना कळलं. आणि तरीही त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की जमलं की यांना!

“सुरुवातीला यांची काय पातळी होती?” अध्यक्षांनी विचारलं. विभागप्रमुखांनी घाईघाईने फाइल उघडली. द्यायचा होता तिसऱ्या चाचणीचा कागद, दिला गेला पहिल्या चाचणीचा.

“ब्याण्णव,” अध्यक्षांनी वाचलं. “आणि आज, हजेरीचे म्हणून सहा धरू या. म्हणजे शहाऐंशी गुणांचा फरक!”

“साहेब, पण फरक खालच्या दिशेने आहे,” सदस्य कुजबुजला.

“परिपत्रकात काय म्हटलंय?”

“‘लक्षणीय फरक’.”

“दिशेबद्दल काही आहे? तुमच्या नमुन्यात दिशेचा रकाना आहे?”

सदस्याने नमुना उलटसुलट करून पाहिला. “नाही, साहेब.”

“मग आपण कशाला मध्ये तोंड घालायचं?” अध्यक्ष बाईंकडे वळले. “बाई, वर्षभर तुम्ही यांना नेमकं काय शिकवलंत?”

खोटं सुचण्याइतकं त्राण बाईंमध्ये उरलं नव्हतं. “न येणं,” त्या म्हणाल्या.

“आणि ते सगळ्यांना आलं?”

“सगळ्यांना. काकांनासुद्धा.”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. “बाई, मी आजवर पुष्कळ विभाग पाहिले. जे शिकवलं ते विद्यार्थ्यांना खरोखर आलंय, असा हा पहिलाच.”

विभागाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. बाई कायम झाल्या. त्यांची पद्धत सगळ्या विभागांना लागू झाली, फक्त तिच्यात एक सुधारणा झाली. न येणं वर्षाच्या सुरुवातीला आणि येणं शेवटी, असा क्रम ठरवून देण्यात आला, म्हणजे आलेखातला बाण वर जातो. काका मुख्याध्यापक झाले, तेही नेमके बाईंच्या लेकीच्या शाळेत. त्यांनी ती पद्धत पहिलीपासून सुरू केली.

सत्राच्या सुरुवातीच्या पालकसभेत बाईंची लेक सगळ्यांसमोर उभी राहिली. “बे दुणे?” तिच्या वर्गशिक्षिकेने विचारलं. लेकीने नजर पंख्यावर नेली.

“अगं, तुला तर तीसपर्यंत पाढे येत होते!” बाई बाहेर आल्यावर जवळजवळ ओरडल्याच.

“हळू बोल ना, आई,” लेक इकडेतिकडे बघत म्हणाली. “येतात मला. पण आत्ताच सांगितले, तर शेवटी वाढ कशी दिसणार?”

वर्षअखेरीला प्रगतिपत्रक आलं. त्यातला बाण तळापासून निघून पार कागदाच्या वरच्या कडेला भिडला होता. तीसचा पाढा म्हणून दाखव, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाण फार सुरेख होता. त्यांनी तो फ्रिजवर चिकटवला, फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

आता तुम्ही बाईंना हसाल. खुशाल हसा. पण असाच एखादा चढता बाण तुमच्याही फ्रिजवर असेल. तो लावताना मुलाला काय येतं, हे तुम्ही विचारलं होतंत का? नसेल, तर आता हाक मारा आणि विचारून बघा. मूल आधी तुमच्याकडे आणि मग पंख्याकडे बघायला लागलं, तर त्याला रागावू नका. वर्ष संपायला अजून अवकाश आहे.