नाना शेलार, मुक्काम पोस्ट थॉर्नवेल

नाना शेलारांचं एका इंग्रज जमीनदाराशी वैर होतं. जमीनदार मरून दोनशे वर्षं झाली होती, पण नानांचा राग काही उतरत नव्हता. "गावाचं गायरान कुंपन घालून गिळलं मुडद्यानं, अन् गाव गप बसलं?" असं ते भर जेवणात मला विचारायचे. मी काय सांगणार? मी डोंबिवलीचा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आखातात तुबलीच्या एका गॅरेजात नाना स्टोअरकीपर, मी अकाउंट्सला, आणि मनामात आम्ही एकाच खोलीत राहायचो. आमचे मॅनेजर पार्करसाहेब थॉर्नवेल नावाच्या खेड्यातले. त्यांची बहीण तिथल्या चर्चचं चार पानी मासिक पाठवायची आणि साहेब ते न उघडताच टाकून द्यायचे. नाना ते उचलून आणायचे आणि दमूनभागून आलेल्या माझ्याकडून मराठीत वाचून घ्यायचे. जुन्या काळी गायरान कुठल्या जमीनदारानं गिळलं, लोहाराची भट्टी का बंद पडली, जत्रेत कुणाच्या भोपळ्याला पहिलं बक्षीस मिळालं, सगळं. साताऱ्याकडच्या या गृहस्थानं इंग्लंड सोडा, दुबईसुद्धा पाहिली नव्हती. तरी भोपळ्याच्या निकालात वशिला लागला, हे त्यांनी मला ठणकावून सांगितलं.

एकदा बातमी आली, की शहरातून नव्यानं राहायला आलेल्या मंडळींची रविवारी चर्चच्या घंटेनं झोपमोड होते. घंटा बंद करायची का, यावर गावची सभा होणार होती.

नाना ताटावरून उठले. "काल आल्याली मानसं देवाची घंटा बंद करनार?"

दुसऱ्या दिवशी ते तडक साहेबांच्या केबिनमध्ये. दुभाषा मी, म्हणजे मरण माझंच. "इचार त्यास्नी, त्यांच्या गावाचं लंडनला मंडळ हाय का न्हाई?" आमच्याकडे दहा घरांच्या वाडीचंही मुंबईत मंडळ असतं. साहेबांना मंडळ म्हणजे काय तेच कळेना. वीस वर्षांत मी गावाकडे फिरकलेलो नाही, घंटा वाजली काय नि न वाजली काय, असं ते हसत म्हणाले.

त्या दिवसापासून नानांनी त्यांना सलाम करणं सोडलं. "कसला सायेब. चाकरमानी हाय, अन् गाव इसरला." वर कहर म्हणजे साहेबांच्या टेबलावर ते रोज एक कोरा लीव्हचा फॉर्म ठेवू लागले. यांच्या गावकीपायी माझी नोकरी जायची वेळ आली होती.

शेवटी साहेब वैतागले की आतून हलले कोण जाणे, पण रजा घेऊन गावी गेले. परत आले ते थेट स्टोअरमध्ये. सभेत ते स्वतः बोलले होते आणि घंटा राहिली होती. खुशीत म्हणाले, "नाना, नाऊ यू. टेक लीव्ह. गो टु युअर व्हिलेज."

नाना नटबोल्टचे खोके लावत होते. "व्हिलेज मफी, सर," ते तिथल्या अरबी बोलीत म्हणाले, म्हणजे गावच नाही. मग माझ्याकडे वळले. "सांग त्यास्नी. धरणात गेलं. देऊळबी गेलं. मानसं तीन तालुक्यांत पांगली, आता मंडळ तरी कुनाचं करायचं?"

इतकी वर्षं एका खोलीत राहून या माणसानं मला हे सांगितलं नव्हतं. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता.

मी साहेबांना सांगितलं. नानांनी स्टूल फडक्यानं पुसून त्यांच्यापुढे सरकवलं.

"बसा," ते म्हणाले. "घंटा वाजली तवा तुमी कुठं हुबं हुता, ते सांगा. सावकाश सांगा."