रजेवरचा हार्मोन

“कुणाला खरं वाटणार नाही,” बसचा ड्रायव्हर दवाखान्यातल्या खाटेवर मांडी घालून नर्सबाईंना सांगत होता, “पण सकाळपासून पाण्याचा थेंब पोटात नाही. दुसरा कुणी असता तर वाळून काटकी झाला असता.”

पायथ्याशी बसलेल्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला. सकाळपासून हीच टकळी चालू होती.

लांब पल्ल्याची बस चालवणारा हा माणूस दर वळणावर ब्रेक मारायचा आणि झाडामागे पळायचा. शेवटी साहेब तापले. “डॉक्टरचा दाखला आण, नाहीतर आगारात गाड्या धू.” म्हणून ही तपासणी.

डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं, “पाणी तोडलं की मेंदूतून एक हार्मोन सुटतो. तो मूत्रपिंडांना सांगतो, पाणी सोडू नका, परत रक्तात ओढून घ्या. मग लघवी थोडी आणि गडद होते. तुमची होते का, ते बघू.”

“म्हणजे आमचा कंडक्टरच की. त्याने घंटी दिल्याशिवाय सोडायचं नाही.”

“तुमचा कंडक्टर रजेवर गेलाय,” बायको म्हणाली.

पाणी बंद झालं आणि ड्रायव्हरची कंबर धरली. शेक हवा म्हणाला. बायकोने रबरी पिशवी गरम पाण्याने भरून आणली. तो ती घेऊन पांघरुणात शिरला आणि थोड्या वेळाने चपटी पिशवी बाहेर आली. “बूच सैल आहे गं, गळतंय. पुन्हा भर.” असं दिवसभर. जिने चढून-उतरून तिचे गुडघे बोलायला लागले.

इकडे लघवी दर वेळी नळाच्या पाण्यासारखी. डॉक्टर गंभीर झाले. “हार्मोन कमी पडतोय असं दिसतंय. औषध सुरू करावं लागेल. तोवर बस चालवायची नाही.”

बायको औषधाची किंमत विचारू लागली. तेवढ्यात नर्सबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं.

“डॉक्टर, तहानलेल्या माणसाचं वजन घटतं ना? ह्यांचं वाढलंय.”

सगळे ड्रायव्हरकडे बघू लागले. बायकोने गादी चाचपली. कोरडी ठाक.

“त्याचं असं आहे,” ड्रायव्हर घसा खाकरून म्हणाला, “माझी मूत्रपिंडं भलतीच दांडगी. आतलं पाणी ओढून संपलं की बाहेरचं ओढतात. पिशवी कंबरेला टेकवायचा अवकाश, पाणी कातडीतून थेट आत. आता कुणाला खरं वाटणार नाही...”

बायको उठली आणि तिने त्याच्या तोंडापाशी नाक नेलं.

“कंबरेने ओढलंत ना,” ती म्हणाली, “मग मिशीला रबराचा वास कसा येतोय?”