फ्रेंच बाईच्या कपाळावरचा डाग

"काय भास्करकाका, तब्येत कशी?" असं विचारलं की आमचे शेजारी भास्करकाका स्वतःची सोडून घड्याळाची तब्येत सांगत. "वरची काच फुटलेली. डायलला तडा. तीन वाजता सातचे टोले. बाईचा डावा हात न्हाई. कपाळावर डाग. बाकी बराबर."

एवढं सगळं झाल्यावर बाकी काय उरतं, हे विचारायची सोय नव्हती.

घड्याळ फ्रान्सचं. काकांच्या आजोबांनी हैदराबादेत लिलावात घेतलेलं. त्याच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक बाई रेलून बसलेली. नवीन जालन्यातल्या काकांच्या दोन खोल्यांत, टीव्हीच्या वरच्या फळीवर ती अशा ऐटीत असे की चहा आधी तिला नेऊन द्यावा. लाइटचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही काका तिच्यापुढे उभं करत. "हात न्हाई लावायचा. बिलकुल ओरिजिनल माल हाय!"

डाग मात्र ओरिजिनल नव्हता. तो काकूंचा. दर खंडेनवमीला शिलाई मशीन, विळी, काकांची स्कूटर यांना हळदकुंकू वाहून झालं की काकू त्या बाईच्या कपाळालाही कुंकवाचं बोट टेकवत. काका ओरडत, "अगं, चांगल्या मालाची वाट लावून राह्यलीस!" काकू म्हणत, "मशीनच हाय ना? मंग कुंकू लागणारच." वर्षानुवर्षं हेच भांडण. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. डागाची तक्रार तेवढी चालू राहिली, आणि ती मी खरी धरली. तिथंच माझं चुकलं.

गेल्या दसऱ्याआधी काका मंठ्याला मुलीकडे गेले, घराची किल्ली माझ्याकडे देऊन. आमच्याकडे पितळेची भांडी घासायला काढली होती. मला परोपकाराचा झटका आला. चिंच भिजवली, मीठ घेतलं, बाईला खाली उतरवलं आणि चांगली खसाखसा घासली. डाग गेला. त्याच्याबरोबर कपाळावरचं आणि गालांवरचं सोनंही गेलं.

काका आले तेव्हा मी त्यांचे पाय धरायच्याच तयारीत होतो. "काका, मुलामा परत चढवून आणतो. सगळा खर्च माझा."

"सोन्याचं जाऊ द्या हो," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाठ करून बराच वेळ त्या कपाळावरून अंगठा फिरवत राहिले.

खंडेनवमीला मीच आमच्या घरचा कुंकवाचा करंडा घेऊन गेलो. काकांनी त्यात बोट बुडवलं, बाईच्या कपाळापर्यंत नेलं आणि मागं घेतलं. "जमंना. तिचं बोट बारीक होतं," एवढंच म्हणाले आणि बोट लेंग्याला पुसलं. मला तिथं उभं राहवेना.

अजून रोज भेटतात. तब्येत विचारायची लाज वाटते, पण न विचारणं त्याहून वाईट.

"वरची काच फुटलेली. डायलला तडा. तीन वाजता सातचे टोले. बाईचा डावा हात न्हाई. कपाळावर..."

इथं ते थांबतात. मी वाट बघत उभा राहतो. 'बाकी बराबर' काही ते म्हणत नाहीत.